देव पाण्यात ठेवले आहेत

प्रश्न : माझे वय ५४ आहे. गेल्या आषाढात यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात व वाचा गेली. काठीच्या आधाराने थोडे चालणे जमू लागले आहे, हात मात्र अजून नावालाच आहे. माझे नावसुद्धा त्यांच्या तोंडून फुटत नाही. पण संध्याकाळी 'सुखकर्ता दु:खहर्ता' सुरू झाली की ते ओळीच्या ओळी स्पष्ट म्हणतात. सासूबाई याला देवाची कृपा म्हणतात. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा तो भाग वेगळा असतो. झटका आला त्या रात्री सासूबाईंच्या सांगण्यावरून मी देवघरातले देव तांब्याच्या पातेल्यात पाण्यात ठेवले आणि हे बोलू लागेपर्यंत बाहेर काढणार नाही, असे म्हटले. आठ महिने झाले, देव पाण्यातच आहेत. पाणी रोज बदलते. २८ वर्षे मी संकष्टीला तळ्यातल्या गणपतीला जात होते. आता जाता येत नाही आणि खरे सांगायचे तर जावेसेही वाटत नाही. दिवा लावते तेव्हा मनात काहीच येत नाही. परवा पाणी बदलताना मी बाळकृष्णाला नको नको ते बोलले. कधी कधी रात्री वाटते, सकाळी जागच येऊ नये. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, 'देव परीक्षा पाहतो आहे, तुझीच श्रद्धा कमी पडली. नाहीतर पूर्वजन्मीचे काही असेल.' संकटात देवावर भरवसा ठेवावा असे सगळे सांगतात, पण तो आणायचा कुठून? आणि देव बाहेर काढले तर चालेल का?
— एक भगिनी, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुम्ही सर्वांत शेवटी जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देते. देव आजच बाहेर काढा. आठ महिने पाण्यात राहिलेल्या पितळेवर हिरवट डाग चढले असतील, तेव्हा चिंच लावून स्वच्छ घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा देवघरात ज्याच्या त्याच्या जागी बसवा. शब्द मोडल्याची धास्ती वाटत असेल तर आपलेच पत्र पुन्हा वाचून पाहा. यजमान बोलू लागेपर्यंत, असे तुम्ही म्हणाला होता, आणि ते रोज संध्याकाळी आरती बोलत आहेत. देवाशी केलेल्या बोलीत एवढी वकिली चालते. आपल्या आज्या-पणज्यांनी ती सर्रास केलेली आहे. सासूबाईंनाही हेच कारण सांगा. त्यांना ते पटेल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. 'सकाळी जागच येऊ नये' हे वाक्य तुम्ही पत्राच्या मध्येच, जाता जाता लिहावे तसे लिहून टाकले आहे. मी ते जाता जाता वाचलेले नाही. आठ महिने रात्री-अपरात्री उठून माणसाला कुशीवर वळवणाऱ्या, त्याच्या तोंडाकडे पाहून त्याला काय हवे ते ओळखणाऱ्या बाईच्या मनात असा विचार आला, तर तिची श्रद्धा आटली असे कोणी समजू नये. ते अतोनात थकव्याचे लक्षण आहे, कदाचित नैराश्याचेही, आणि त्यावर उपचार आहेत. यजमानांना दाखवायला न्याल तेव्हा त्याच डॉक्टरांना हे वाक्य जसेच्या तसे सांगा. १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तेथे पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कोणीतरी फोन उचलते आणि मराठीत बोलता येते. हा विचार वारंवार येऊ लागला, किंवा स्वत:ला काही करून घ्यावेसे वाटले, तर उजाडण्याची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी उठवा आणि त्याच क्षणी फोन लावा. देवाला हाक मारणे आणि या क्रमांकावर हाक मारणे यांच्यात मला कोणतेही वैर दिसत नाही.

आता भरवशाविषयी. 'देव पाण्यात ठेवणे' हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला आहे. निवडणुकीच्या निकालाआधी अमक्या उमेदवाराने देव पाण्यात ठेवले आहेत, असे वर्तमानपत्रात वाचून आपण हसतो. मूळ चाल मात्र घरातली आहे आणि ती हसण्यासारखी नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा काही गावांत महादेवाचा गाभारा पाण्याने भरून दार लावून घेतात. त्याला देव कोंडणे म्हणतात. दोन्हींच्या मागचा विचार एकच आहे की, आम्ही गुदमरतो आहोत, तर थोडा तूही गुदमर, म्हणजे तुला आमची घाई कळेल. एखाद्या पंडिताला हे पोरकट वाटेल. मला मात्र त्यात असे दिसते की, ज्याला थंडी वाजते असे आपण धरून चालतो, त्याच्याशी आपले नाते तुटलेले नसते. ज्याचा भरवसा खरोखर संपला, तो देव पाण्यात ठेवत नाही. त्याच्या देवघरावर नुसती धूळ साचत जाते. तुम्ही आठ महिने न चुकता पाणी बदलत आला आहात. ते का बदलता, हे एकदा स्वत:ला विचारून पाहा.

माझ्या लहानपणी आमचे देव न ठेवताच पाण्यात गेले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरले, तेव्हा मी सात वर्षांची होते. आजीने एका हाताने माझे मनगट धरले, दुसऱ्या हातात स्टोव्ह उचलला, तांदळाचा डबा काखोटीला मारला आणि ती चढाच्या दिशेने चालू लागली. "आजी, देव राहिले!" मी ओरडले. मागे न पाहता ती म्हणाली, "ते आपलं बघून घेतील. तू पाय उचल." पाणी ओसरल्यावर आम्ही गाळात हात घालघालून देव शोधले. अन्नपूर्णा सापडली, बाळकृष्ण सापडला, शंख काही मिळाला नाही. पुरानंतर शहराचे नळ कोरडे पडले होते, विहिरी आणि हौदांवर रांगा लागत होत्या, घागरभर पाण्यासाठी लोक तासन्‌तास उभे राहत होते. आजीने देव तसेच चिखलाने माखलेले फळीवर मांडून ठेवले आणि त्यांना बजावले, "आधी पोरांच्या अंघोळी, मग तुमची." तिच्याइतका भरवसा असलेले माणूस मी पुढे पाहिले नाही, आणि ती डोळे मिटून ध्यानाला बसल्याचे मला एकदाही आठवत नाही.

दिवा लावताना मनात काही येत नाही, ही तुमची खंत मला सर्वांत जवळची वाटली, कारण ती तुकोबांनाही ठाऊक होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे घर कसे बसले, हे त्यांनी स्वत:च एका अभंगात सांगितले आहे. संतमंडळींनी विचारले म्हणून सांगतो, अशी त्याची सुरुवात आहे, म्हणजे तोही एक प्रश्नोत्तराचाच प्रकार म्हणायचा. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' ही ओळ त्यातली. व्यापारात खोट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, असे सांगून झाल्यावर ते एकदम देवळाकडे वळतात. देवाचे देऊळ भंगले होते, ते करावेसे मनात आले, आणि मग पुढची ओळ येते : 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.' ही ओळ सावकाश वाचा. कीर्तनाला उभा राहत होतो, पण चित्त त्यात नव्हते, अशी कबुली ज्याच्या अभंगांवर महाराष्ट्र आजही टाळ वाजवतो तो माणूस देतो आहे. घरात अन्नावाचून माणूस गेले, त्यानंतर त्याने आधी पडक्या भिंतीला हात घातला, मग मन लागत नसताना कीर्तन धरले, आणि मन पुष्कळ मागून आले. तुमचा दिवा लागतो आहे ना, मग तो लागू द्या. त्या वेळी मनात काही आले नाही, तर ती उणीव समजू नका.

तुकोबांचीच दुसरी एक ओळ, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें', अशा प्रसंगी लोक फार सांगत सुटतात. ती त्यांनी स्वत:च्या दिवाळ्याबद्दल, स्वत:च्या तोंडाने म्हटली आहे. तो हक्क त्यांनी भोगून मिळवला होता. दुसऱ्याच्या घरी, खाटेवर माणूस पडलेले असताना, चहाचा कप हातात घेऊन ती म्हणणे मला असभ्यपणाचे वाटते.

तुम्ही बाळकृष्णाला काय बोललात ते लिहिलेले नाही, आणि ते योग्यच केले. पण जनाबाईंपेक्षा कडक बोलला असाल, असे मला वाटत नाही. 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी त्यांच्या एका अभंगाची सुरुवात आहे, आणि पुढच्या ओळी तर या पानावर छापायला संपादक कचरतील. नामदेवांनी दारात उभे राहून 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा' असे तोंडावर सुनावले. निघून जातो, असे बजावणारे ते नामदेव गेले मात्र नाहीत. पंढरपूरच्या महाद्वारातली पहिली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या भक्तीत रुसवा, भांडण, शिव्याशाप हे सगळे धरलेले आहे. गप्प बसून, गोड तोंडाने सहन करणे हाच तेवढा भरवसा, ही समजूत कुठून आली कोण जाणे. वारकऱ्यांच्या परंपरेत तरी ती मला दिसत नाही. आपण भांडतो ते समोर कोणी आहे असे वाटते म्हणून. तेव्हा नको ते बोलल्याबद्दल प्रायश्चित्त वगैरे काही घेऊ नका.

राहिल्या तुमच्या नात्यातल्या बाई. श्रद्धा कमी पडली म्हणून संकट येते, हे खरे मानायचे तर चोखोबांचे काय करायचे? मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे आणि वारकरी तेथे माथा टेकल्यावाचून पुढे जात नाहीत. त्यांच्या निष्ठेत काय उणे होते, हे सांगण्याची कोणाची छाती आहे? पूर्वजन्मीच्या कर्माचा विचार ज्याचा त्याने स्वत:पुरता करावा. शेजाऱ्याच्या जखमेत बोट घालण्यासाठी तो विचार कोणी सांगितलेला नाही. माझे निरीक्षण असे आहे की, दुसऱ्याच्या दु:खाचे कारण इतक्या झटकन सांगणारी माणसे बहुधा दुष्ट नसतात, ती घाबरलेली असतात : याच्याकडे हे अमक्या चुकीमुळे आले, ती चूक मी केलेली नाही, म्हणून ते माझ्याकडे येणार नाही, एवढाच दिलासा त्यांना हवा असतो. त्या बाईंना एक काम सांगून पाहा. दर गुरुवारी दुपारी दोन तास यजमानांजवळ बसायला बोलवा, आणि त्या दोन तासांत तुम्ही घराबाहेर पडा. त्या येतील तर चांगलेच. न आल्या तर पुढचा उपदेश तरी टळेल. त्यांच्याऐवजी भाऊ, मुलगा, शेजारीण, पैसे देऊन ठेवलेल्या मावशी, कोणीही चालेल, पण ते दोन तास तुम्हाला मिळालेच पाहिजेत.

कृपा की मेंदू, या वादात सासूबाई आणि डॉक्टर एकाच घटनेकडे दोन टोकांनी पाहत आहेत. बहुतेक माणसांच्या बाबतीत बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात आणि उजवे अंगही तोच भाग चालवतो. म्हणून तेथे इजा झाली की उजवा हात आणि वाचा अशी दोन्ही बरोबर जातात. नवे वाक्य जुळवणे ज्याला जमत नाही, त्याला तोंडपाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे आरती, श्लोक, पाढे, वारांची नावे, पुष्कळदा म्हणता येतात, आणि सुरात म्हटले तर अधिक सोपे जाते, कारण गाण्याचा मार्ग पूर्णपणे त्या इजा झालेल्या भागातून जात नाही. वाचोपचार करणारे तज्ज्ञ, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, याचा उपयोग करून घेतात : लहान वाक्ये एका ठरावीक चालीत बसवतात, रुग्णाच्या डाव्या हाताने ताल धरायला लावतात आणि मग हळूहळू चाल काढून घेतात. अजून अशा तज्ज्ञांना दाखवले नसेल तर लवकर दाखवा आणि आरतीची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, हे खरे. पण नंतर ती थांबतेच असे नाही, वेग मंदावतो, आणि हाताचे व बोलण्याचे व्यायाम चालू ठेवणाऱ्याला पुढेही थोडेथोडे परत मिळत राहते. घरी करण्यासारखे एक सुचवते. आरती संपली की त्याच चालीवर, टाळ्या तशाच चालू ठेवून, तुमचे नाव म्हणून पाहा. पहिल्या दिवशी जमणार नाही. दहाव्या दिवशीही कदाचित जमणार नाही.

त्या आरतीच्या शेवटच्या कडव्यातले एक क्रियापद मी लहानपणापासून न कळता म्हणत आले होते. 'दास रामाचा वाट पाहे सदना.' संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे, हे मागणे त्याच्या पुढे येते. सदन म्हणजे घर. रामदास घरात बसून वाट पाहत आहेत. तेव्हा संकष्टीला सारसबागेत जाणे जमत नाही याची रुखरुख सोडा. ज्या तळ्यावरून त्या गणपतीला नाव मिळाले, त्या तळ्याची कधीच बाग झाली. गणपती आहे तेथेच आहे, आणि तुमच्या २८ वर्षांची खाडाखोड करायला तो काही बसलेला नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. हिंजवडीच्या एका कंपनीतली माझी नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली. घराचा हप्ता चालू आहे. आईला कोणीतरी एका 'महाराजां'कडे नेले. त्यांनी आपल्याजवळ सिद्धी असल्याचे सांगून ५१,००० रुपयांचा विधी सुचवला. ४० दिवसांत नोकरी लागेल, पण कोणाजवळ वाच्यता करायची नाही, अशी अट घातली. आई पाटल्या मोडायला निघाली आहे. तिचा देवावर फार विश्वास आहे. तिचे मन दुखवावे का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : पाटल्या मोडू देऊ नका. आईचा विश्वास देवावर आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. महाराजांवर आहे, असे लिहिलेले नाही, आणि हा फरक त्यांना प्रेमाने दाखवून देता येईल. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. म्हणजे संकटात सापडलेला आणि काही मागायला आलेला, हे दोघेही त्या यादीत सन्मानाने बसलेले आहेत, आणि पुढे दोनच श्लोकांनंतर हे सगळेच उदार आहेत असे म्हटले आहे. नोकरीसाठी देवाला साकडे घालण्यात कमीपणा नाही. पण त्या अध्यायात प्रवेशशुल्क सांगितलेले नाही. नवसाची हमी देणाऱ्यांना तुकोबांनी कधीच विचारून ठेवले आहे : 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती.'

आपल्या भागातले गुरुजी घरी येऊन सत्यनारायण सांगतात, यथाशक्ती दक्षिणा घेतात आणि कसलेही आश्वासन न देता सायकलला टांग मारून जातात. त्यांच्याविषयी मी हे बोलत नाही. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली आणि वर वाच्यता न करण्याची अट, ही तिन्ही एकत्र आली की तेथे देवाचे काम नाही एवढे समजावे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि पूजा, वारी, भजन, कीर्तन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हेही आईला सांगा, कारण कायदा म्हणजे धर्मावर घाला, अशी समजूत पुष्कळांनी करून दिलेली असते. महाराजांचा तगादा चालूच राहिला तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

आईला मुळात काहीतरी करायचे आहे. मुलगा दिवसभर लॅपटॉपपुढे बसलेला पाहून त्यांचे हात शिवशिवत असणार. त्यांना आळंदीला घेऊन जा. बसने जा, इंद्रायणीच्या घाटावर बसा, समाधीचे दर्शन घ्या आणि घरून नेलेली पोळीभाजी खाऊन परत या. बँकेशी मात्र हप्ता चुकण्याच्या आधी बोला; चुकल्यानंतर बोलणाऱ्याचे म्हणणे तेथे वेगळ्या कानाने ऐकले जाते. आणि एक विचारते : नोकरी गेल्याचे तुम्ही नातेवाइकांत किती जणांना सांगितले आहे? महाराजांनी वाच्यता करू नका म्हटले ते तुम्हालाही मनातून सोयीचे वाटले असेल, अशी मला शंका आहे. ज्याला ठाऊकच नाही, तो तुमचे नाव कोठे सुचवणार?

प्रश्न : आपले सदर वाचतो. बहुतेक मते पटत नाहीत. माझे वय ७८ आहे. गेली पन्नास वर्षे मी देव मानत नाही आणि आता मानू लागेन, असा संभव नाही. मागच्या दिवाळीनंतर पत्नी गेली. ती रोज तिन्हीसांजेला समई लावत असे. सात वाजले की त्या कोपऱ्यातल्या अंधाराकडे माझे लक्ष जाते. मी दिवा लावला तर ते ढोंग होईल काय? तसेच समईला किती वाती घालायच्या, तेल कोणते, हे मी तिला कधी विचारले नाही. उत्तर थोडक्यात द्यावे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : होणार नाही. ढोंगाला प्रेक्षक लागतो, आणि सात वाजता तुमच्या घरात तुम्ही एकटेच असता.

देव मानण्याची अट मी घालत नाही. पन्नास वर्षे एका घरात न मानणारा आणि मानणारी असे दोघे राहिलात. तिने तुम्हाला आरतीला ओढले नाही आणि तुम्ही तिची समई विझवली नाही, एवढे मी तुमच्या पत्रावरून धरून चालते. त्या बाईंचा भरवसा कोणावर होता ते त्यांचे त्यांना ठाऊक. संध्याकाळी तो कोपरा उजळावा, अशी मात्र त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी करायला श्रद्धा लागत नाही, काड्यापेटी लागते.

वात एक पुरे. तेल तिळाचे किंवा शेंगदाण्याचे, घरात असेल ते घाला, पण वात पूर्ण भिजू द्या आणि टोक अगदी थोडेच बाहेर ठेवा, नाहीतर काजळी धरते. तयार वाती तुळशीबागेत मिळतात. मात्र आधी त्यांचे कपाट उघडून पाहा, त्यांनी वळून ठेवलेल्या एखाद्या डब्यात असतील. आणि दिवा लावण्यापूर्वी वरचा पंखा बंद करा.